वैराग–सोलापूर जुनी गाडीवाट आणि शेतात राहिलेला दगडी पूल : माग कसा काढावा?

वैरागची पणती :

नमस्कार. आमचे मूळ गाव बार्शी तालुक्यात, वैरागच्या दक्षिणेस आहे. माझे पणजोबा बैलगाडीने माल वाहत असत. वैराग आणि आसपासच्या खेड्यांतून कापूस आणि भुईमुगाच्या शेंगा सोलापूरला आणायच्या आणि परत जाताना मीठ, रॉकेल, गूळ व कापड घेऊन जायचे, असा त्यांचा व्यवसाय होता. घरात त्यांचे एकही छायाचित्र नाही, स्वतःच्या हाताने लिहिलेली एक ओळही नाही. त्यांच्या आयुष्यातून आमच्यापर्यंत पोहोचली ती फक्त एका वाटेची आठवण, जी माझ्या आजीने सून म्हणून घरात आल्यावर ऐकली आणि आम्हा नातवंडांना पुष्कळदा सांगितली.

ती वाट आजच्या वैराग–वडाळा–सोलापूर रस्त्यावरून जात नव्हती, असे आजीच्या सांगण्यावरून वाटते. गावाच्या वेशीतून निघून म्हसोबाच्या माळावरून गाड्या खाली ओढ्याला उतरायच्या, ओढ्यावर दगडी पूल होता आणि पुलाच्या अलीकडे चिंचेखाली गाड्या सोडून बैलांना पाणी दाखवायचे, इतका तपशील आजी नेमका सांगत असे. माझ्या वडिलांचे चुलते, ज्यांना आम्ही तात्या म्हणतो, यांनी दाखवलेल्या दिशेने मी आणि माझा भाऊ नुकतेच जाऊन आलो. आजच्या डांबरी रस्त्यापासून बऱ्याच आत, दोन शेतांच्या मध्ये, काळ्या दगडाचा तीन कमानींचा पूल खरोखरच उभा आहे. एका बाजूचा कठडा पडला आहे, कमानी निम्म्याहून अधिक गाळाने भरल्या आहेत, वर वेडी बाभूळ माजली आहे, आणि शाबूत कठड्याच्या टोकाला एका दगडावर झिजलेली अक्षरे किंवा आकडे असावेत असे दिसते. चिंच मात्र तेथे नाही.

हा पूल पणजोबांच्याच वाटेवरचा आहे का, हे कसे ठरवावे? पुलाचा काळ दगडावरून आणि बांधणीवरून सांगता येतो का? पुलाच्या दोन्ही अंगांना आता उसाची आणि ज्वारीची शेते असल्याने वाट जमिनीवर दिसत नाही, तेव्हा ती कोणत्या कागदात सापडेल? शेताच्या मालकांशी बोलताना काय काळजी घ्यावी, हेही कोणी अनुभवी व्यक्तीने सांगितल्यास मी ऋणी राहीन, कारण आम्ही मोबाइलवर नकाशा उघडताच तेथील एका गृहस्थांचा चेहरा एकदम बदलला आणि ते आमच्याशी पुढे बोलेनात.

जुना भूकरमापक :

ताई, आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो नीट हाताळला नाही तर बाकीचे सगळे अडेल. सोलापूर जिल्ह्यात शेतरस्त्याचे वाद पिढ्यान्‌पिढ्या चालतात. नकाशा हातात घेऊन बांधावर उभा राहिलेला अनोळखी माणूस म्हणजे रस्ता मागायला आलेला माणूस, असाच अर्थ शेतकरी लावतो आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडे बांधावरून वाट मागता येते, आणि असलेल्या वाटेवरचा अडथळा काढण्यासाठी १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाचा आधार घेतला जातो. ज्याच्या शेतातून जुनी गाडीवाट मोडून ऊस लावला गेला आहे, त्याला ही कलमे तोंडपाठ असतात. म्हणून पुढच्या वेळी नकाशा पिशवीत ठेवा, तात्यांना सोबत न्या, आणि आधी पणजोबांचे नाव, गाव, घराणे सांगा. ओळख पटली की तोच शेतकरी आपल्या आजोबांच्या बैलांची नावे सांगू लागतो. आपल्याला रस्त्याचा हक्क नको आहे, हेही स्पष्ट शब्दांत सांगून टाका.

आता कागदांविषयी. सर्वांत आधी गावाचा जुना गाव नकाशा मिळवावा. तालुक्याच्या उपअधीक्षक भूमि अभिलेख कार्यालयात अर्ज केल्यास त्याची नक्कल मिळते. एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारे ग्रामीण रस्ते त्यात सलग दुहेरी रेषेने, गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने आणि पायमार्ग तुटक एकेरी रेषेने दाखवलेले असतात. सर्वसाधारणपणे गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट आणि पायमार्गाची सव्वाआठ फूट धरली जाते. हे आकडे विचित्र वाटतात, पण त्यांच्यामागे मोजणीची साखळी आहे. जुनी साखळी तेहतीस फुटांची असे आणि तिचे सोळा आणे पाडलेले असत. तेहतीस फूट लांब व तेहतीस फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा, अर्धी साखळी म्हणजे साडेसोळा फूट आणि पाव साखळी म्हणजे सव्वाआठ फूट. एवढे ध्यानात ठेवले तर जुन्या टिपणातले आणे वाचून वाट किती रुंद होती हे आपल्याला घरी बसून काढता येते.

टिपण म्हणजे सर्व्हे नंबरच्या मोजणीची कच्ची आकृती. नकाशापेक्षाही ती अधिक बोलकी असते, कारण तिच्यात नाला, विहीर, रस्ता, शेजारचा सर्व्हे नंबर यांच्या खुणा मापांसह येतात. इंदापुरात १८३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी सुरू केलेली जमीनमोजणीची पाहणी पुढे सोलापूरकडे आली, त्या परंपरेतले हे दप्तर आहे. त्यात काही कागद मोडीत असतात, तेव्हा मोडी वाचणारी व्यक्ती शोधून ठेवावी. अलीकडच्या वर्षांत कुणबी नोंदींच्या शोधामुळे तालुक्याच्या ठिकाणी असे जाणकार सापडणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे.

एक अडचण मात्र आपल्याला हमखास येईल. आजचे गट नंबर आणि जुने सर्व्हे नंबर एक नाहीत. १९४७ च्या तुकडेबंदी व तुकडेजोड कायद्यानुसार पुढे गावोगावी एकत्रीकरण झाले आणि जुन्या नंबरांची मोडतोड होऊन गट पडले. त्यामुळे पूल ज्या गटात किंवा गटांच्या मध्ये आहे, तो गट कोणत्या जुन्या सर्व्हे नंबरांपासून बनला हे एकत्रीकरणाच्या पत्रकातून काढावे लागते आणि मगच टिपण मागता येते. नुसता सातबारा पाहून वाट सापडत नाही. पूर्वापार वहिवाटीच्या हक्कांची नोंद वाजिब-उल-अर्ज या पत्रकात असते, तेही मागून पाहावे, कारण त्यात पाणवठ्याकडे किंवा शेजारच्या गावाकडे जाणारी वाट शब्दांत लिहिलेली आढळू शकते.

आणखी एक गोष्ट आपल्या भागापुरती सांगतो. बार्शी तालुका इंग्रजी अमलाखाली होता, पण त्याच्या भोवती जवळजवळ सगळीकडे निजामाचा मुलूख होता. तिकडे अक्कलकोट स्वतंत्र संस्थान होते आणि मंगळवेढा सांगली संस्थानात होते. १९४८ नंतर संस्थाने विलीन झाली आणि १९५० मध्ये एकमेकांच्या मुलखात अडकलेल्या गावांची अदलाबदल झाली. म्हणून वाटेवरच्या प्रत्येक गावाविषयी ‘हे गाव तेव्हा कोणाकडे होते’ असा प्रश्न आधी विचारावा. निजामी गाव असेल तर त्याचे जुने दप्तर वेगळ्या पद्धतीचे आणि बरेचदा उर्दूत असते. गाडीवाल्यांच्या दृष्टीनेही ही सरहद्द महत्त्वाची होती, कारण निजामी हद्दीत माल नेताना करोडगिरीच्या नाक्यावर जकात भरावी लागे. पणजोबा आजच्या सरळ रस्त्याऐवजी आडवळणाच्या वाटेने का जात, याचे एक कारण तेथेही असू शकेल. तात्यांना ‘करोडगिरी’ हा शब्द उच्चारून पाहा, त्यांना काही आठवल्यास ते लगेच टिपून घ्या.

दगडचुना :

मी स्थापत्य अभियंता असून जुन्या मोऱ्या आणि पुलांची पाहणी हा माझ्या कामाचा भाग राहिला आहे. छायाचित्राशिवाय काळ सांगणे योग्य नाही, पण काय पाहावे ते सांगतो.

प्रथम दगडांमधला सांधा पाहावा. चुन्याचा सांधा पांढरट किंवा विटांची सुरखी मिसळली असेल तर फिकट गुलाबी असतो आणि नखाने थोडा भुरभुरतो, तर सिमेंटचा करडा आणि कठीण असतो. पोर्टलँड सिमेंटचे व्यापारी उत्पादन आपल्या देशात पोरबंदर येथे १९१४ साली नीट सुरू झाले आणि खेड्यापाड्यांतल्या कामांत ते पोहोचायला त्यानंतरही काळ गेला. त्यामुळे आतपर्यंत चुनाच असेल तर बांधकाम जुने असण्याकडे कल ठेवता येतो. सांध्याच्या फक्त वरच्या थरावर सिमेंट दिसले, तर ती नंतरची डागडुजी समजावी. सोलापूरच्या परिसरात काळा पाषाण हवा तितका आहे आणि नदीनाल्यांच्या काठी चुनखडीचे खडे मिळतात, म्हणून भट्टी आणि चुन्याची घाणी (बैल जुंपून चुना मळण्याची जागा) कामाच्या जागेजवळच लावणे सोयीचे पडे. पुलाच्या आसपास बांधाला लागून चाकोरीची गोल खोलगट जागा किंवा मोठे दगडी चाक पडलेले दिसले, तर तो घाणीचा अवशेष असू शकतो.

दुसरे म्हणजे कमानीचे दगड कसे घडले आहेत ते पाहावे. कमानीचा प्रत्येक पाचरीसारखा दगड टाकीने घडवून नेमका बसवलेला असेल आणि बाकीची भिंत डबराची असेल, तर खर्च जेथे आवश्यक तेथेच केला गेला आहे असे समजते. सरकारी किंवा लोकल बोर्डाच्या रस्त्यावरच्या पुलांत ही काटकसर नेहमी दिसते. कठड्यांमधली आतली रुंदी मोजा. दोन गाड्या समोरासमोर जाऊ शकतील इतकी असेल तर तो त्या काळचा मुख्य रस्ता असण्याचा संभव आहे, एकच गाडी जाईल इतकी असेल तर जोडरस्ता. पुलाच्या दोन्ही अंगांना भराव कोठवर जातो हे विशेष काळजीने पाहावे. शेतात नांगर फिरल्याने वाट पुसली जाते, पण मुरूम आणि डबर घातलेल्या भरावाची माती वेगळी राहते. काळ्या रानात एका पट्ट्यातली ज्वारी खुरटी आणि पिवळसर दिसत असेल, तर खाली जुना रस्ता असण्याची शक्यता मोठी आहे. रब्बीच्या दिवसांत उंचावरून किंवा उपग्रहाच्या चित्रात हा पट्टा चांगला उठून दिसतो. माळावर जेथे खडक उघडा आहे तेथे चाकोऱ्या शोधा, कारण चाकाच्या लोखंडी धावेने खडकावर पडलेली चाकोरी शंभर वर्षांनीही बुजत नाही.

पूल का सोडून दिला गेला, याचेही उत्तर तेथेच मिळते. जुने पूल ओढ्याच्या अरुंद जागी, वाट वळवून बांधले जात, कारण कमानीचा खर्च लांबीवर वाढतो. मोटारी आल्यावर वळणे नकोशी झाली, रस्ता सरळ आणि उंच झाला आणि जुना पूल बाजूला पडला. काळ्या मातीच्या मुलखात पावसाळ्यात गाडीचे चाक आखापर्यंत रुतत असे, त्यामुळे मालाची वाहतूक उघडीप झाल्यावर, सुगीनंतर आणि उन्हाळ्यात चाले. तरीही पूल बांधला गेला, याचा अर्थ ती वाट पावसाळ्यातही चालू ठेवण्याइतकी कोणाला तरी महत्त्वाची वाटत होती. ती कोणाला वाटत होती, हा प्रश्न आपण सोडू नका.

अक्षरांच्या दगडाविषयी कळकळीची विनंती आहे. त्यावर खडू, तेल, चुना किंवा तारेचा ब्रश काहीही लावू नका. सकाळी लवकर किंवा मावळतीला, ऊन तिरपे पडत असताना, वेगवेगळ्या बाजूंनी छायाचित्रे घ्या. झिजलेले आकडे त्या उजेडात आपोआप वर येतात. बाभूळ किंवा पिंपळाचे रोप उपटण्याचा मोह होतो, परंतु मुळांनीच सध्या तो दगड धरून ठेवलेला असतो आणि रोप ओढले की दगडही येतो. कमानीखाली शिरू नका आणि पडक्या कठड्यावर टेकू नका. ऑक्टोबर २०२० च्या पुरात आपल्या जिल्ह्यात सीना, भोगावती आणि त्यांच्या ओढ्यांवरच्या किती पुलांचे नुकसान झाले हे सर्वांनी पाहिले आहे. त्या पुराने ज्याच्या पायाखालची माती काढून नेली असेल, असा पूल वरून धडधाकट दिसतो.

माढ्याची लेक :

वरील दोन्ही उत्तरे मोलाची आहेत, पण मला आपल्या आजीच्या सांगण्याकडे परत यावेसे वाटते. तात्यांना जशी वाट ठाऊक आहे तशी आजीच्या पिढीतल्या बायकांनाही होती, आणि त्यांची माहिती वेगळ्या प्रकारची असते. पुरुष गावांची नावे आणि बाजाराचे वार सांगतात. बायका विहिरी, सावलीची झाडे, देवस्थाने आणि कोणाच्या ओट्यावर पाणी मिळे ते सांगतात, कारण माहेरी जाताना लेकरू कडेवर घेऊन त्यांनी ती वाट पायी तुडवलेली असते. आपली आजी आज हयात नसेल तर तिच्या वयाच्या, त्याच गावात दिलेल्या किंवा त्या गावातून बाहेर पडलेल्या आत्या, मावश्या शोधा. त्यांना जात्यावरच्या ओव्या म्हणायला सांगा. माहेरच्या वाटेच्या ओव्यांत गावे आणि पाणवठे ओळीने येतात, आणि नुसते विचारून जे आठवत नाही ते गाताना आठवते. माझ्या आईच्या माहेरची सीनेवरची उताराची जागा मला अशीच कळली. तेथे आता बंधारा आहे आणि उताराची खूण जमिनीवर काहीच उरलेली नाही.

दुसरा मार्ग गावच्या दिंडीचा. पंढरीची वाट लोक सहसा बदलत नाहीत. डांबरी रस्ता झाला तरी गावची दिंडी कित्येकदा जुन्या शेतवाटेने जाते, कारण तेथे मुक्कामाचे ठरलेले घर आणि ठरलेली विहीर असते. विणेकऱ्यांकडे किंवा दिंडीच्या व्यवस्थेकडे मुक्कामांची वही असेल तर ती पाहा. आपली वाट सोलापूरची असली तरी गावातून बाहेर पडताना पहिला टप्पा एकच असू शकेल.

घराण्याविषयी आणखी माहिती हवी असल्यास हेळवी आपल्या भागात कधी येतात याची गावात चौकशी करा. ते पिढ्यान्‌पिढ्या वंशावळी सांगत येतात आणि घराणे मूळ कोठून, कोणत्या कारणाने उठून आले हेही त्यांच्या सांगण्यात असते.

नॅरोगेज :

माझे आजोबा बार्शी लाइट रेल्वेत खलाशी होते, म्हणून या विषयात मला आस्था आहे. आपल्या पणजोबांची गाडीवाट रेल्वे आल्यावरही का टिकली असेल, याविषयी माझे मत मांडतो.

पुण्याकडून येणारी मोठी रेल्वे १८५८ मध्ये डिकसळपर्यंत, १८५९ मध्ये बार्शी रोडपर्यंत, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत, आणि १८६० मध्ये सोलापूरला पोहोचली. त्यानंतर बालाघाटावरचा माल बार्शीत उतरून गाड्यांनी बार्शी रोड स्टेशनाकडे जाऊ लागला. १८९७ मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची अडीच फुटी बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली आणि तेथल्या गाडीवाल्यांचा धंदा बसला. हीच लाइन १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला गेली. वैरागला मात्र रेल्वे कधीच आली नाही. एकीकडे वैरागचा बाजार, दुसरीकडे १८७७ पासून सोलापुरात सुरू झालेल्या गिरण्यांची कापसाची भूक, आणि मध्ये रुळांचा अभाव. त्यामुळे या वाटेवर बैलगाडीला पुढे कित्येक दशके काम राहिले असणार. आपल्या पणजोबांनी धंदा कधी सोडला ते घरात विचारा. एस. टी. १९४८ मध्ये सुरू झाली आणि त्यानंतर मालमोटारीही खेड्यांत पोहोचल्या. त्या सुमाराशी ते वर्ष जुळते का पाहावे.

जुना पूल पाहून ‘इंग्रजांचा रस्ता’ असे म्हणण्याआधी तो रेल्वेचा तर नाही ना, हे जिल्ह्यात सर्वत्र तपासावे लागते. वैरागकडे हा प्रश्न नाही, पण पांगरी, शेंद्री, कुर्डुवाडी, पंढरपूर या बाजूला शोध घेणाऱ्यांसाठी सांगतो. बार्शी लाइटचे भराव अरुंद आणि बांधणी हलकी असते, कारण गाडीचे एका आसावरचे वजन पाच टनांपर्यंत ठेवून सारी रचना केली होती. ब्रॉडगेज करताना काही ठिकाणी वाट बदलली आणि सुटलेल्या जुन्या भरावावरून आता शेतकरी ये-जा करतात. याचे मोठे उदाहरण भीमेवर डिकसळला आहे. उजनी धरणामुळे रेल्वेची वाट बदलली आणि जुना रेल्वे पूल करमाळा व इंदापूर तालुक्यांना जोडणारा रस्त्याचा पूल झाला. त्या काठच्या मुलांना तो आधी रेल्वेचा होता हे सांगूनही पटत नाही.

नकाशांत एक भर घालतो. सर्व्हे ऑफ इंडियाच्या स्थलदर्शक नकाशांत सोलापूर, मोहोळ, पंढरपूर हा भाग ४७ ओ या पत्रिकेत, बार्शी ४७ एन मध्ये आणि अक्कलकोट ५६ सी मध्ये येते. त्याशिवाय अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागाने १९५० च्या दशकात १ : २,५०,००० या प्रमाणात काढलेल्या भारताच्या पत्रिका टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने सर्वांसाठी खुल्या ठेवल्या आहेत. त्यांत उजनीच्या आधीची भीमा, नॅरोगेजची लाइन आणि गाडीरस्ते दिसतात. शेतातली वाट इतक्या लहान प्रमाणात येणार नाही, पण त्या काळी कोणती दोन गावे रस्त्याने जोडली होती हे समजते.

वैरागची पणती :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. भूकरमापक काका, आपण सांगितल्याप्रमाणे भाऊ आणि मी तात्यांना घेऊन पुन्हा गेलो. नकाशा काढलाच नाही. तात्यांनी घराण्याचे नाव सांगताच त्या गृहस्थांनी आम्हाला वस्तीवर नेले. ‘करोडगिरी’ हा शब्द ऐकून तात्या बराच वेळ बोलत राहिले. रात्री नाक्यावर गाड्यांची रांग लागत असे आणि काही गाडीवाले शेजारच्या शिवेने वळसा घालून जात, असे त्यांनी आपल्या वडिलांकडून ऐकले होते. हे सगळे मी त्यांच्याच शब्दांत ध्वनिमुद्रित केले आहे. गाव नकाशासाठी अर्ज दिला आहे.

वस्तीवरच्या आजींनी आणखी एक गोष्ट सांगितली, जिच्यामुळे माझ्या मनात नवा प्रश्न उभा राहिला. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे पूल ‘दुष्काळाच्या कामावर’ बांधला गेला. ७२ च्या दुष्काळात त्या स्वतः याच परिसरात खडी फोडायला होत्या आणि मुलांना सुकडी मिळत असे. परंतु पूल ७२ चा वाटत नाही, सांधे चुन्याचे आहेत आणि फिकट गुलाबी दिसतात. मग हा दुष्काळ कोणता असावा?

जुना भूकरमापक :

आजींच्या सांगण्यात दोन दुष्काळ एकत्र आले असावेत, आणि ते स्वाभाविक आहे, कारण एकाच वाटेवर वेगवेगळ्या पिढ्यांनी दुष्काळी कामे केलेली असतात. १९७२ मध्ये रोजगार हमीची कामे सुरू झाली तेव्हा पुष्कळ ठिकाणी जुन्याच रस्त्यांवर खडी आणि मुरूम पडला, नवे पूल तुलनेने कमी झाले. चुन्याच्या सांध्याचा पूल त्याआधीचा असेल तर १८७६-७७, १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे तीन मोठे दुष्काळ डोळ्यांसमोर ठेवावेत. या तिन्हींत सोलापूर जिल्हा होरपळला होता आणि तिन्हींत सरकारने रस्ते, तलाव आणि खडी फोडण्याची कामे काढली होती. १८७६-७७ साठी १८८४ मध्ये प्रसिद्ध झालेला सोलापूर जिल्ह्याचा गॅझेटियर, म्हणजे मुंबई इलाख्याच्या मालिकेतला विसावा खंड, प्रथम पाहावा. त्यातील दुष्काळाची हकिकत आणि व्यापाराच्या प्रकरणातले रस्ते, पूल, तरी (नावेने नदी उतरण्याच्या जागा), धर्मशाळा यांचे वर्णन शेजारी ठेवून वाचल्यास आपला रस्ता तेव्हा अस्तित्वात होता की नाही, याचा अंदाज येईल. त्याच दुष्काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती जमवून सरकारपुढे मांडली होती. मजुरांची बाजू समजून घ्यायची असेल तर तीही वाचावी. रस्त्यासाठी पैसा कोणी दिला हे मात्र जिल्हा लोकल बोर्डाच्या आणि सार्वजनिक बांधकाम खात्याच्या जुन्या अहवालांत शोधावे लागेल. १९६२ मध्ये जिल्हा परिषद आली आणि बोर्डाचे रस्ते तिच्याकडे गेले, त्यामुळे चौकशी जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागापासून सुरू करावी आणि नंतर पुण्याच्या पुराभिलेखागाराकडे वळावे.

या कागदांत मजुरांची नावे सापडण्याची आशा धरू नये, हे आधीच सांगतो. अहवालात दगड किती ब्रास आणि मजूर किती, एवढेच येते. म्हणून वस्तीवरच्या आजींकडे पुन्हा जा आणि त्यांच्या सासूबाई किंवा आजेसासूबाई कामावर होत्या का, मुकादम कोण होता, दगड कोणत्या खाणीतून आला आणि वडारांची पाले कोठे पडली होती, हे विचारा. दगडाची खाण सापडली तर तिच्यापासून पुलापर्यंतची वाटही गाव नकाशावर पाहता येईल, आणि ती पणजोबांच्या वाटेला कोठे मिळते हे तपासता येईल.

दगडचुना :

गुलाबी सांध्याचे जवळून घेतलेले छायाचित्र आणि कठड्यामधली आतली रुंदी येथे टाकावी, ही विनंती. सांध्याचा तुकडा खरवडून आणू नये. अक्षरांच्या दगडाचे मावळतीच्या उन्हातले छायाचित्र मिळाल्यास मोडीचे जाणकार आणि मी मिळून ते वाचण्याचा प्रयत्न करू. आकडा इंग्रजी असेल तर तो बांधकामाच्या वर्षाऐवजी मैलाचा किंवा पुलाचा क्रमांकही असू शकतो, आणि तसे असल्यास तो सोलापूरपासून मोजला आहे की बार्शीपासून, यावरूनच हा रस्ता कोणत्या कचेरीच्या ताब्यात होता ते समजेल.